कोर्टावरचं माझं सौजन्य

३ मार्च
बायकोने जेवताना अल्टिमेटम दिला. यंदा क्लबाच्या टेनिस स्पर्धेत मिक्स्ड डबल्स खेळताना मी कुणाशी भांडलो, तर पुढे ती क्लबातल्या दाताच्या डॉक्टरांबरोबर खेळणार. म्हणे मला कोर्टावरचे मॅनर्स नाहीत. मला! अख्ख्या क्लबाला सॉरी म्हणायला मी शिकवलं. शिकवताना आवाज चढला असेल, नाही कशाला म्हणू. पण लग्नाआधीपासून आम्ही जोडीने खेळतोय. ही जोडी मोडू देणार नाही. आजपासून मी म्हणजे सौजन्याचा पुतळा.

५ मार्च
सराव. बॉल नेटला घासून पलीकडे पडला की सॉरी म्हणायचं असतं. मी म्हटलं. समोर खेळणाऱ्या बँकवाल्याने त्याच्या वेळी म्हटलं नाही. मनातल्या मनात क्षमा केली. नंतर पार्किंगमध्ये नीट समजावून सांगितलं. त्याने मध्येच गाडीची काच वर केली. लोकांचं भलं करायची सोय राहिली नाही.

९ मार्च, संध्याकाळ
पॉइंट चालू असताना वकीलबाई मागून चालत गेल्या. ओरडलो नाही. खेळ थांबवून त्या फाटकाबाहेर पडेपर्यंत फक्त बघत राहिलो. बायकोच्या मते याला डोळे वटारणं म्हणतात. भांडणात धरू नये, अशी विनंती केली. शेवटची सूट, म्हणाली.

१४ मार्च
सेमीफायनल जिंकली. हात मिळवताना बँकवाल्याला म्हणालो, तुमच्या मानाने छान खेळलात. कौतुकच केलं की! तरी फणकारला.

२१ मार्च
फायनल. समोर डॉक्टर आणि त्यांची बहीण. आमच्याकडे अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. जोडीत एकमत नसेल तर पॉइंट समोरच्यांचा. जिंकायला त्यांना एकच पॉइंट हवा होता. बॉल माझ्या पायापाशी पडला. मी अत्यंत नम्रपणे आऊट म्हणालो.
बायको म्हणाली, आत होता.
घरचा भेदी! पण मी भांडलो नाही. रॅकेट आपटली ती जमिनीवर. मातीत उठलेली खूण दाखवायला सगळ्यांना बोलावलं. खूण लाइनवर निघाली, म्हणजे नियमाने आत. दुसऱ्या बॉलची असणार. डॉक्टर म्हणाले, पॉइंट पुन्हा खेळू. बायकोने नको म्हटलं आणि जाऊन त्यांचं अभिनंदन केलं.

२२ मार्च
घरात अबोला. सॉरी म्हणणारच होतो. पण चूक तिची, तेव्हा आधी तिला संधी द्यावी म्हणून मोठ्या मनाने थांबलो. ती रॅकेट घेऊन निघून गेली. डॉक्टरांबरोबर प्रॅक्टिस आहे म्हणे.

२९ मार्च
क्लबात माझ्याबरोबर खेळायला कुणी मोकळं नाही. सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागलेत. एकटाच भिंतीवर बॉल मारत होतो. शेजारच्या कोर्टावर ती आणि डॉक्टर. एक बॉल त्यांच्या लाइनवर पडला. दोघांनीही आत म्हणून सांगितलं, पॉइंट घालवला आणि दोघं हसली. फार वाईट वाटलं. माझ्याबरोबर ती अशी कधी हसली, आठवेना.
तेवढ्यात माझा बॉल घरंगळत त्यांच्या कोर्टावर गेला. तिने खेळ थांबवला, बॉल उचलला, माझ्या हातात नीट येईल असा टाकला. अगदी नियमाप्रमाणे.
आणि अनोळखी माणसाला म्हणावं तसं मला सर म्हणाली.