उल्रिकाच्या हातावरचं दही

१६ जुलै १९८५, मंगळवार

बोर्डिंगच्या मागच्या आवारात मी आणि सुचित्रा हॉकी स्टिकने पडके पेरू मारत होतो. रविवारची दुपार. एक पेरू थेट भिंतीपलीकडे गेला आणि आम्ही पोट धरून खाली बसलो. सिस्टर बर्नाडेट खिडकीतून म्हणाल्या, "मुलींना चेंडूमागे धावणं शोभत नाही." सुचित्रा म्हणाली, "सिस्टर, पेरू आहे."

चाळीस वर्षांत हे आठवलं नव्हतं. आज आठवलं, कारण आमच्या मागच्या अंगणात एक उंच, गोरीपान मुलगी गोल्फच्या काठीने कच्ची सफरचंदं कुंपणापलीकडे भिरकावत होती.

ही उल्रिका. स्वीडनची, चोवीस वर्षांची. इथल्या कोर्सवर बायकांची गोल्फ स्पर्धा आहे. नवख्या खेळाडूंना हॉटेल परवडत नाही, म्हणून आयोजक गावातल्या घरांत खोल्या मागतात. शेजारणीने विचारलं, मी हो म्हटलं. हे गेल्यापासून दोन वर्षं ती खोली बंदच होती.

शैलेंद्रचा फ्रीमाँटहून फोन. "आई, अनोळखी मुलगी घरात? आर यू शुअर?" मग मूळ विषय — मी इथलं, नोव्हायचं घर विकायचं आणि त्याच्याकडे राहायला जायचं. खालची खोली माझी, बाथरूम लागूनच. "रविवारपर्यंत सांग. एजंट थांबलाय."

मायेनेच म्हणतो. तरी छातीवर पाट ठेवल्यासारखं होतं.

१८ जुलै, गुरुवार

आज पहिली फेरी. निघताना सवयीने म्हटलं, "थांब, हात पुढे कर." तळहातावर दही-साखर घातली. विचारलं काही नाही, चाटून मोकळी! मग म्हणाली, तिची आजीसुद्धा रात्री दुधात कालच्या दह्याचा चमचा घालून ठेवते. म्हणजे विरजण. स्वीडनमध्ये!

एकोणसत्तर फटके. गोल्फमध्ये कमी ते चांगलं, हे मला आजच कळलं. मी उगाच हळहळत होते.

१९ जुलै, शुक्रवार

अडुसष्ट! आता दह्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

२० जुलै, शनिवार

पुन्हा अडुसष्ट. एका फटक्याने दुसरी!

संध्याकाळी आमच्या महाराष्ट्र मंडळातली सुनेत्रा अ‍ॅन आर्बरहून आली, बरोबर मंडळातल्याच चारजणी. मी उत्साहात पातेलंभर कढी केली. सुनेत्रा मला काकू म्हणते, तर उल्रिकाही "काकू, मोअर" म्हणायला लागली.

जेवणानंतर अंगणात बसलो. म्हणाली, "बाबा म्हणतात, हे शेवटचं वर्ष. नाही जमलं तर परत ये, शाळेत नोकरी बघू." मी म्हटलं, मलाही बोलावणं आलंय. "जायचंय तुला?" कोणी मला असं सरळ विचारलंच नव्हतं. "चहा घेतेस?" म्हणाले.

२१ जुलै, रविवार



सकाळी दह्याचं भांडं बघते तर रिकामं, घासून पालथं घातलेलं — मीच! विरजणासकट सगळं दही कढीत गेलं होतं. दुकानातलं दिलं. तिने जिभेला लावलं आणि म्हणाली, "हे ते नाही." चेहरा पडला. "इट्स ओके, काकू." गेली.

सुनेत्राला फोन केला. तिचं विरजण माझ्याच घरचं. "दही आहे काकू, पण गाडी नवऱ्याने नेलीये."

ह्यांच्यामागे मी गाडी दुकानापुरतीच काढली आहे. फ्रीवेवर कधीच नाही. आज काढली. जाताना शैलेंद्रच्या वयाची पोरं हॉर्न वाजवत पुढे गेली. येताना दह्याच्या वाटीला शेजारच्या सीटवर पट्टा बांधला आणि मीसुद्धा दोघांना मागे टाकलं.

कोर्सवर पोचले तर ती पहिल्या फटक्यासाठी उभी राहतच होती. प्रेक्षकांच्या दोरीवरून वाटी पुढे केली. बिल्लेवाला माणूस धावत आला, "मॅडम, व्हॉट इज दॅट?"

"ब्रेकफास्ट," मी म्हटलं. काय कॉन्व्हेंटचा उच्चार! तो चक्क बाजूला झाला.

तिने हात चाटला, हातमोज्यात घातला आणि चेंडू असा मारला की मला भिंतीपलीकडचा तो पेरू दिसला.

शेवटच्या ग्रीनवर, भोकाभोवतीच्या हिरवळीवर, ती आणि पहिल्या नंबरवाली बरोबरीत. तिचा चेंडू भोकापासून लांब, उतारावर. मी डोळे मिटले. लोक ओरडले तेव्हा उघडले. ती करंडकाकडे जायच्या आधी माझ्याकडे धावत आली. मी रडत होते, ती हसत होती, साडीला दही.

घरी येताना तिने गाडीत एक प्रश्न विचारला. शैलेंद्रचा फोन आला. म्हटलं, "उद्या सांगते."

२२ जुलै, सोमवार

शैलेंद्रला सकाळीच सांगितलं. म्हणाला, "आई, सीटबेल्ट लाव."

उल्रिकाचे पुढचे सामने ओहायोत, मग न्यूयॉर्कला. सगळीकडे एकटीच ड्राइव्ह करते. आता दोघी आलटून पालटून. घराचं ऑक्टोबरात बघू.

तुळस आणि किल्ली सुनेत्राला. ह्यांची पुस्तकं लायब्ररीला. देव्हारा शैलेंद्रला, खालच्या खोलीत ठेव म्हणावं, रिकामीच आहे. मोरपंखी पैठणी सूनबाईला, रुपालीला. बोर्डिंगमधला हॉकी स्टिकचा फोटो सुचित्राला, तिच्या कॅरी गावातल्या पत्त्यावर.

विरजण कोणाला नाही. ते माझ्याबरोबर.