चहाची पायरी

ती. आत्या,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण मी खुर्चीत बसले आहे, आणि न केलेली गोष्ट केली असं लिहायचं नाही, याच कामाचा मला पगार मिळतो. भेटल्यावर वाकेन.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवला म्हणजे व्यायाम झाला असं धरून चालतेस? (आमचे प्रोग्रॅमर माझ्या पानांच्या बाबतीत असंच धरून चालतात.) आतोबांना ऐकू कमी येतं की ते ऐकूनच कमी घेतात, याचा निकाल लागला असेल तर कळव. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तक्रार म्हणून हे पत्र नाही, हे आधीच सांगते.

आई सांगत होती, ही पोरगी ऑफिसात नेमकं करते तरी काय, असं तू फोनवर विचारलंस. प्रश्न रास्त आहे. ऑफिसातही बऱ्याच जणांना तो पडतो. आमची कंपनी एक प्लॅटफॉर्म चालवते. दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्रॅमर त्यावर आपापले प्रोग्रॅम तयार करतात आणि तिथूनच ते लोकांसाठी चालू करतात. कुठलं बटण आधी दाबायचं, कुठलं नंतर, कुठलं मुळीच नाही, हे सांगणारी पानं असतात. ती मी लिहिते आणि सांभाळते. लिहिणं सोपं आहे. सांभाळणं म्हणजे, प्लॅटफॉर्म बांधणारी मंडळी (यात तुझे चिरंजीव, म्हणजे आपला दादा, आले) सकाळी बटण डावीकडे ठेवतात, जेवून आल्यावर उजवीकडे नेतात आणि पुढच्या आठवड्यात ते होतं हेच विसरतात. आणि मी रांगत्या पोरामागे फडकं घेऊन फिरावं तशी त्यांच्यामागे फिरते. मला कुणी काही सांगत नाही. बदल झाल्याचं मला गिऱ्हाइकांच्या शिव्यांवरून कळतं. शिव्या मात्र अचूक असतात; प्रोग्रॅमरपेक्षा त्यांच्यावरून लिहिणं बरं पडतं.

आमच्याकडे प्रत्येक पानाच्या तळाशी, अडचण आल्यास कुणाला विचारायचं, त्याचं नाव असतं. नोकरी सोडणारा माणूस आपली पानं कुणाच्या तरी गळ्यात मारून जातो, आणि तो गळा गेली काही वर्षं माझा आहे. परवा मीच एका जुन्या पानावर अडले. शिस्तीने तळाच्या नावाला मेल केली. ती मलाच आली. मी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि उत्तर न देणाऱ्या माणसांविषयी माझं जे मत आहे ते बदलायचं मला काही कारण दिसत नाही.

दुसरा नियम असा की, ज्याच्या कामाविषयी पान आहे त्याने ते वाचून मंजूर केल्याशिवाय बाहेर जात नाही. मंजूर केलं की मजकुराची जबाबदारी त्याचीही. दादाच्या कामाची सगळी पानं दादा मंजूर करतो. किती झटपट करतो हे पाहून मला शंका आली, म्हणून एकदा एका लांबलचक पानाच्या मध्यावर मी एक वाक्य घातलं, की ही ओळ वाचणाऱ्याला लेखिकेची खुर्ची बक्षीस. दादाने मंजूर केलं, वर अंगठाही दाखवला. खुर्ची अजून माझ्याकडेच आहे. (कुठल्याशा दूर देशातल्या एका गिऱ्हाइकाने मात्र ती कशी मागवायची, हे अतिशय अदबीने विचारलं. तेव्हा मी ओळ काढली.)

आता मूळ गोष्ट. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चालू कशी करायची, हे पान लिहायचं होतं. दादाला विचारलं, तर तो म्हणाला की त्यात लिहिण्यासारखं काही नाही, हाताला सवय आहे. म्हणून मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि तो जे जे करेल ते टिपत गेले. त्याने जुनी आवृत्ती बंद करायचं बटण दाबलं. पडद्यावर एकदा पाहिलं. मग उठला, कप घेतला, बाहेरच्या मशीनवरून चहा घेऊन आला, पाहुणा आल्यासारखा निवांत प्यायला, आणि मग नवी आवृत्ती चालू करायचं बटण दाबलं. दुसऱ्या वेळी हेच. तिसऱ्या वेळी मशीन बंद होतं, तर हा खालच्या मजल्यावर गेला, पण प्यायला. मी विचारलं, दरवेळी? तो म्हणाला, दरवेळी. मी विचारलं, का? तो म्हणाला, "अगं, चहा का पितात माणसं?"

मी जे पाहिलं ते लिहिलं. जुनी आवृत्ती बंद करा, पडदा पाहा, उठून एक कप चहा घ्या, परत येऊन नवी चालू करा. दादाने मंजूर केलं. अंगठा.

ते पान पुष्कळ दिवस सुखाने नांदलं. गिऱ्हाइकं लिहिल्याप्रमाणे उठत होती, पीत होती, परत येत होती, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. एकाने कॉफी चालेल का, असं विचारलं. मी कळवलं की चाचणी चहावरच झालेली आहे.

मग आमच्यावर एक नवे साहेब आले. त्यांना आम्ही खोडरबर म्हणतो. पान जितकं आखूड तितकं ते चांगलं, असा त्यांचा सिद्धांत. (त्यांचं स्वतःचं ओळखपत्र इतकं आखूड आहे की त्यावरून ते काय काम करतात हे कळत नाही. प्रत्यक्ष पाहूनही कळत नाही.) चहाची ओळ वाचून ते हसले नाहीत. तांत्रिक लेखनात थट्टा शोभत नाही, असं मला समजावलं आणि ओळ उडवली. मी सांगितलं की ती थट्टा नाही, पायरी आहे. त्यांनी विचारलं, चहाने नेमकं काय होतं? ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं मी सांगत नाही. तिथे मी हरले.

त्यानंतर लोक दोन्ही बटणं लागोपाठ दाबू लागले. तेव्हा उलगडा झाला की जुनी आवृत्ती बंद म्हटल्याबरोबर बंद होत नाही. हातातली कामं उरकायला तिला थोडा वेळ लागतो. माणसाला एक कप चहा प्यायला लागतो, साधारण तेवढाच. तो वेळ न दिल्यामुळे जुनी आणि नवी एकदम चालू राहिल्या, सासू-सुनेने एकाच भाजीत मीठ घालावं तसं दोघींनी एकच काम केलं, आणि आमचं गिऱ्हाईक असलेल्या एका फर्निचरवाल्याकडून शहरभर दोन-दोन कपाटं पोचली. एका खोलीत राहणाऱ्या एका गृहस्थांचा फोटो आमच्याकडे आला आहे. दोन कपाटांच्या फटीतून त्यांचा अर्धा चेहरा दिसतो. तेवढ्यावरूनही त्यांचं मत कळतं.

चौकशी बसली आहे. पानाच्या तळाशी नाव माझं. लेखिकेने मुळात थट्टा केली होती आणि ती काढताना घोळ झाला, असं खोडरबरांचं म्हणणं आहे. सोमवारी बैठक आहे. मला कंपनीतून मोकळं करायचं, की लिहिणं बंद करून तक्रारींच्या फोनवर बसवायचं, एवढाच प्रश्न शिल्लक आहे असं ऐकते. लिहिणं हे एकच काम मला येतं आणि आवडतं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

ती पायरी खरी होती, हे सांगू शकेल असा माणूस एकच. त्याला मी गाठलं. हातात कप होता. म्हणाला, "सोड ना, पान तुझं आहे, तू बघ." आधी मला वाटलं की तो कंटाळा करतोय. मग समजलं की गेल्या वर्षी आपल्या कामाचा गोषवारा देताना त्याने लिहिलं होतं, की जुनी आवृत्ती कधी निवांत होते हे ओळखून थांबणारी एक समंजस प्रतीक्षा-प्रणाली आपण उभारली आहे. तिच्यावर त्याला बढती मिळाली. तू पेपरात लपेटून मला जी शाल दिलीस ती त्याच आनंदात. प्रणाली म्हणजे तो स्वतः आणि त्याचा कप. आता चहाचं खरं सांगितलं, तर प्रणाली कुठे आहे ते दाखवावं लागेल.

मी रागावलेली नाही. असो. गुडघ्याला जप, जिने चढू नकोस. आतोबांना नमस्कार. तो मात्र मोठ्याने सांग.

तुझी भाची

ता. क. ही नोकरी तूच दादाकडे शब्द टाकून मिळवून दिली होतीस, याची सहज आठवण झाली.

ता. क. रविवारी तो तुझ्याकडे जेवायला येईल. जेवू दे. मग चहा कर, कप त्याच्यासमोर ठेव, पण हातात देऊ नकोस. आणि विचार, की बाबा, ऑफिसात दोन बटणांच्या मध्ये तू काय करतोस, आणि हे सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहेस की नाही. उत्तर येईपर्यंत थांब. ही थांबायची पायरी, तो कितीही आईगं-आईगं करू दे, गाळायची नाही.

ता. क. मी सांगितलं असं त्याला सांगू नकोस. तुला ते साधत नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

ता. क. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी नियम आठवला. ज्याच्या कामाविषयी मजकूर आहे, त्याने वाचून मंजूर केल्याशिवाय बाहेर पाठवायचा नाही. म्हणून हे सगळं, वरच्या तिन्ही ताज्या कलमांसकट, आमच्या नेहमीच्या पद्धतीने दादाकडे मंजुरीला धाडलं. मी पाण्याची बाटली भरून परत येते तो मंजुरी आलेली होती. अंगठाही. तेव्हा चहाची, प्रणालीची आणि बढतीची हकीकत त्याला मान्य आहे, हे आता नोंदीवर आलं आहे. बैठकीत मी एवढंच दाखवलं तरी भागेल. पण रविवारी त्याने आपण होऊन कबूल केलं तर मी हे बाहेर काढणार नाही. शेवटी तो माझा भाऊ आहे, आणि ती शाल उबदार आहे.