भैरवीनंतर

३१ ऑक्टोबर १९७६, रविवार

पोचलो एकदाचा भोपाळला! कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीत क्वार्टर मिळालं, दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणात पेरूचं झाड. कारखान्याचा भोंगा झाला की सगळी वसाहत सायकली-स्कूटरी घेऊन रस्त्यावर सांडते. पुण्याला असली शिस्त नाही, हे कबूल करायला जिवावर येतं. शोभा नागपूरला माहेरी आहे, बाळ सव्वा महिन्याचं झालं. एकवीस तारखेला दोघं येणार. तोवर पाळण्याची कडी बसवून घ्यायची आहे. बाळाला मी आजवर फक्त दोन दिवस पाहिलंय, त्यातही ते झोपलेलंच होतं.

४ नोव्हेंबर

शेजारचे गजानन उमाळकर, स्टोअरमध्ये आहेत, सडेफटिंग. भिंतीपलीकडून माझं अकॉर्डियन ऐकलं आणि थेट मला क्लबच्या हॉलवर घेऊन गेले. तिथे वसाहतीतल्या मराठी मंडळींचा ऑर्केस्ट्रा आहे. फोरमन मधुकरराव तबल्यावर आणि तेच प्रमुख. वैजयंतीबाई शाळेत शिकवतात, गातात गोड. मंडळी हौशी, ताल बेताचा. मी आल्यानं जरा मान वर होईल. मधुकररावांचा एकच दंडक: शेवटी भैरवी, आणि भैरवी झाली की वाद्यांवर कापड. मग कुणी कितीही ‘वन्स मोअर’ ओरडो, एक सूरही काढायचा नाही. भैरवीनंतर वाजवू नये हे मीही लहानपणापासून ऐकत आलोय, पण इतकं सोवळं कुठे पाहिलं नव्हतं. हसू दाबलं.

७ नोव्हेंबर, रविवार

कार्यक्रमाचा पार विचका झाला. माइक शिट्ट्या मारत होता, ढोलकीवाल्याला ऐन वेळी सेकंड शिफ्ट लागली, वैजयंतीबाई अंतरा विसरल्या. लोक शेंगा सोलत बसले होते. माझं डोकं तडकलं. कशीबशी भैरवी झाली आणि अगदी शेवटच्या रांगेतून पांढऱ्या सदऱ्यातल्या एका माणसानं खणखणीत ‘वन्स मोअर’ दिला. म्हटलं, चला, एक तरी रसिक निघाला. मधुकररावांनी कापड टाकलं होतं, तरी मी भाता ओढला आणि एक अख्खं गाणं झोकात वाजवलं.

टाळी एकही नाही. मधुकरराव पांढरेफटक. त्या रांगेत कधी कुणी बसत नाही, असं म्हणाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असंही म्हणाले. मला राग आला.

८ नोव्हेंबर

आज कार्यक्रम नव्हता. शिफ्ट सुटली, घराची वाट धरली आणि क्लबच्या दाराशी पोचलो. बाकीचेही तिथेच उभे, डबे हातात. हॉल भरलेला. कुणी बोलावलं, कुणालाच ठाऊक नाही. वाजवावं लागलं. भैरवी संपता संपता उमाळकर गमतीनं ओरडले, ‘वन्स मोअर!’ त्यांचं तोंड मिटायच्या आत माझी बोटं चालायला लागली. मी चालवली नाहीत.

९ नोव्हेंबर

उमाळकरांच्या दाराला कुलूप. स्टोअरमध्ये विचारलं, तर असा कुणी माणूस इथे नव्हता म्हणे. हजेरीत नाव नाही.

संध्याकाळी पुन्हा क्लबच्या स्टेजवर ओढला गेलो, तिथून ते दिसले. शेवटच्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्याशेजारी. समोर बघत होते. पापणी हलत नव्हती.

मधुकररावांनी सांगितलं, मी मैफल उघडी टाकलीय. आता एक भैरवी शेवटपर्यंत जायला हवी आणि त्यावर कुणी ‘वन्स मोअर’ म्हणता कामा नये. तरच सुटका. तोवर जो म्हणेल तो मागे जाऊन बसेल. मी त्यांचे पाय धरले. माझ्यामुळे एक भला माणूस गेला.

१३ नोव्हेंबर

नागपूरला पळायचं ठरवलं. स्टेशनची बस धरली. खिडकीतून गोविंदपुऱ्यातली कारखान्यांची शेडं मागे जाताना पाहिली, जरा बरं वाटलं. मग कंडक्टर म्हणाला, ‘उतरिए साहब, आपका प्रोग्राम चालू है.’

बाहेर क्लब.

शोभाला तार केली: येऊ नकोस.

१५ नोव्हेंबर

तिचं उत्तर आलं: कार्यक्रमाचं निमंत्रण मिळालं. ठरल्याप्रमाणे येते.

मी निमंत्रण पाठवलेलं नाही. कुणीच पाठवलेलं नाही.

१७ नोव्हेंबर

हॉलच्या दारात उभं राहून एकेकाला हात जोडले, ‘वन्स मोअर’ म्हणू नका. लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग. आत गेल्यावर काही करता येत नाही, स्टेजवर आमचा आवाज फुटत नाही, फक्त गाणं निघतं. आज तिघं गेले. परवापासून आठ. शेवटची रांग भरत आली —

१९ नोव्हेंबर

वैजयंतीबाईंच्या घशातून रक्त येतं. तरी गातात.

रांग भरली. एकही खुर्ची रिकामी नाही. आता कुणाला जागाच नाही, असं मधुकरराव म्हणाले. खरं असू दे. देवा, खरं असू दे.

२१ नोव्हेंबर, रविवार

गाडी पोचायच्या वेळी मी इथे, स्टेजवर. स्टेशनवर जाता आलं नाही —

तिसऱ्या गाण्याला शोभा आली. पहिल्या रांगेत. बाळ दुपट्यात. मी मान हलवून जा म्हणतोय, ती हसतेय. तिला वाटतं मी लाजतोय.

भैरवी सुरू. या अंतऱ्यात मला वाजवायचं नाही, म्हणून लिहितोय. हॉल चिडीचूप. कुणी खोकतही नाही. वैजयंतीबाई शेवटच्या ओळीवर —

सम आली.

शांत. अजून शांत. बोटं माझी आहेत! माझी! मधुकरराव रडतायत, कापड ओढतायत —

मागे दोन खुर्च्या रिकाम्या. आत्तापर्यंत नव्हत्या. एक मोठी, एक लहान.

शोभा उभी राहिली. बाळ खांद्यावर. किती कौतुक तिच्या डोळ्यांत. हात वर करतेय. आवाज निघत नाही माझा. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतो —

शोभा काही म्हणू न