गालावरचं चामडं

४ मार्च

कानामागून आला आणि तिखट झाला!

धाकट्या बहिणीचा नवरा दुकानात येऊन जेमतेम आठ महिने. मी बावीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय. आणि आज अप्पा, माझे सख्खे वडील, गिऱ्हाइकासमोर म्हणतात, "हे आमचे जावईबापू. हात बघा यांचा!" मी शेजारीच उभा होतो. माझे हात काय भाड्याने आणलेत?

६ मार्च

नेमबाज बाईंची रायफल आली. नळीचा जोड सैल झालाय. नळी सोडवून परत बसवायची. पंधरा दिवसांवर स्पर्धा. त्या नळीवरची निळाई, गंज न लागण्यासाठीचा तो निळा-काळा थर, अप्पांनीच चढवलेली, तीस वर्षांपूर्वी, बाईंच्या वडिलांसाठी. अजून तोंड दिसतं तिच्यात.

मला वाटलं, हे काम माझंच. अप्पांनी रायफल दाढीच्या, म्हणजे त्यांच्या जावईबापूंच्या, हातात दिली. मला म्हणाले, "तू राखणदाराची ती गंजकी बघ."

घरी आल्यावर ही म्हणाली, "जळताय. इथपर्यंत वास येतोय."

जळतोय. मग काय करू?

९ मार्च

दाढीने नळी आवळून धरायच्या व्हाइससाठी नवे लाकडी ठोकळे केले. लोखंडी जबड्यात नळी नुसती धरली तर निळाई गेलीच म्हणायची. म्हणून मध्ये ठोकळे, ठोकळ्यांना नळीच्या गोलाईची खाच, खाचेत चामड्याची पट्टी, वर चिमूटभर राळ, म्हणजे आवळल्यावर नळी फिरत नाही. हे सगळं मला दहाव्या वर्षापासून येतं. पण अप्पा त्याचे ठोकळे असे कुरवाळत होते जणू नातू झालाय.

अप्पांचा आणखी एक नियम. आवळण्याआधी चामडं गालावर फिरवायचं. बारीकसा कण असला तरी गालाला टोचतो. आमची बोटं निबर, त्यांना काही कळत नाही. आता दाढीवाला कशावर फिरवणार? कपाळावर?

(हे मी मोठ्याने म्हणालो. कोणी हसलं नाही.)

१० मार्च

दाढी त्याच टेबलावर कानस चालवत होता. ठोकळे उघडेच! तो हात धुवायला गेला तेव्हा जवळ जाऊन पाहिलं. चामड्यात लोखंडाचा एक कण रुतलेला. खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं तरच चमकतो.

चिमटा हातात होता. खाली ठेवला.

त्याचं काम, त्याचे डोळे. पडू दे एकदा तोंडावर. अप्पांनाही कळू दे.

११ मार्च

दाढीने अजून नळी चढवली नाही. मी दोनदा त्या टेबलाजवळ जाऊन परत आलो.

१२ मार्च

धाकटीला ताप, म्हणून दाढी आला नाही. आणि बाईंचा निरोप — रायफल उद्याच हवी.

मला वाटलं, आता मला सांगतील. तर अप्पा स्वतःच उठले! गेली चार वर्षं व्हाइसला हात लावला नव्हता. "माझीच निळाई आहे, मीच धरतो." ठोकळे उचलले, चष्मा वर-खाली केला, पाहिले. गालावर फिरवले नाहीत. "जावईबापूंचं काम. तपासायला नको."

बोलायचं होतं. खरंच. पण 'थांबा' म्हणालो असतो तर 'तुला कसं माहीत' हे आलंच असतं. आणि आतून कोणीतरी म्हणत होतं, बघा आता तुमच्या जावईबापूंचं काम!

आवळलं. पाना लावला. नळी केसभर सरकली. करकर असा बारीक आवाज.

बोटभर लांब ओरखडा. पांढरा.

१३ मार्च

बाईंनी त्या ओरखड्यावरून नुसतं बोट फिरवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दाढी अप्पांसमोर रडला. "चूक माझी आहे. ठोकळे उघडे मी ठेवले." अप्पांनी ऐकूनच घेतलं नाही. "धरलं कोणी? मी. पाहिलं कोणी? मी." दिवसभर त्या चामड्याच्या पट्ट्या डोळ्यांजवळ धरून बसले होते. दाढीने मलाही विचारलं, "दादा, तुम्ही सांगा ना त्यांना काही."

मी सांगणार!

१५ मार्च

अप्पांनी दुकानाच्या किल्ल्या माझ्यापुढे धरल्या. दाढी शेजारी उभा, मान डोलावत.

"माझी नजर गेली रे. आता तूच बघ सगळं. तू धरलं असतंस ना, तर तुझ्या नजरेतून तो कण सुटला नसता."

सुटला नव्हताच.

मान खाली घालून किल्ल्या घेतल्या.