तालिसचा कोट

त्सेसिस, ५ सप्टेंबर २०२२

चि. विज्मास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीने, आग्नेसेने पाठवलेला फोटो पाहिला आणि चहा घशातच अडकला. तालिसचा कोट घालून तू अळंबी वेचतेस! अगं, आपल्या सैन्याची ती चौकोनी ठिपक्यांची जंगलनक्षी. स्वीडनच्या सैन्याने उतरवलेले कोट माझ्या संग्रहात आहेत, एक्क्याण्णव साली, स्वातंत्र्याच्या वेळी, घरी शिवलेले आहेत, शिरस्त्राणं आहेत. नेमका हाच नाही. तालिस गेल्यावर त्याचा सरकारी जोड तर रक्षक दलाकडे परत गेला, हा त्याने स्वतः विकत घेतलेला. अकरा नोव्हेंबरला, वीरांच्या दिवशी, वाचनालयात माझं प्रदर्शन आहे. कोट धुऊ नकोस, नावाची पट्टी उसवू नकोस.

आणि लेकीचं ऐक. नवरा गेल्यावर, त्यात शेजाऱ्याने युद्ध पेटवलेलं असताना, सीमेजवळ एकटीने कशाला राहायचं? रिगाला जा.

लोभ ठेव, कोट पाठव.
तुझा दादा, इल्ग्वार्स

कार्सावा, १४ सप्टेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

उशीर झाला. कोट धुतला. कोपर फाटलं होतं, तिथे स्वयंपाकघरातल्या पडद्याचं हिरवं ठिगळही लावलं. झकास दिसतं.

तो अंगात असला की पाठीशी कोणी उभं आहे असं वाटतं. काचेआड टांगून तुला काय वाटणार? जो तो मला निघ म्हणतो. आग्नेसेला मी सांगितलं, बाई, अळंबी इथे उगवतात, तुझ्या चौथ्या मजल्यावर नाही.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
विज्मा

त्सेसिस, २२ सप्टेंबर

चि. विज्मास, आशीर्वाद (नाइलाजाने).

कपडे उजळवणारी पावडर वापरलीस ना? त्या पावडरीने धुतलेला कोट रात्रीच्या दुर्बिणीत चंद्रासारखा चमकतो! कोणताही शिपाई हे जाणतो. हट्टी कुठली! मी हँगर रिकामाच टांगणार आहे, खाली तुझं नाव लिहून.

तरीही लोभ आहेच.
दादा

कार्सावा, ३ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

पावडरीबद्दल आमच्या सार्जंटनेही तेच ऐकवलं, तुझ्याहून मोठ्या आवाजात.

होय, आमच्या. चौपन्नाव्या वर्षी मी तालिसच्याच स्वयंसेवक रक्षक दलात भरती झाले. नाव घालायला गेले तर तिथला माणूस म्हणाला, मावशी, स्वयंपाकघरात मदत कराल ना? मी म्हटलं, स्वयंपाक तीस वर्षं झाला, बंदुका कुठे मिळतात तेवढं सांग. आग्नेसे फोनवर रडली, मग म्हणाली, बुटांत घालायला लोकरीचे मोजे विणते.

सोबत तालिसचा कोट पाठवते आहे. आता पाठीशी माणसं आहेत. ठिगळ मात्र उसवायचं नाही, नाहीतर कोट परत मागेन. वीरांच्या दिवशी खाली मेणबत्ती लाव.

माझ्या नव्या कोटाच्या पट्टीवर माझं नाव आहे. त्यावर डोळा ठेवू नकोस. एक तर तो सरकारी, आणि उतरवायचा माझा विचार नाही.

लोभ माझ्यावर असू दे, कोटावर नको.
तुझी विज्मा