रोसलीचा हातोडा परत देण्याबाबत

मी, अरुणा प्रबोध दळवी, वय एकोणऐंशी, राहणार क्वीन्सटाउन, सिंगापूर, शिक्षण चौथी पास, हे स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरने तपासलं, नातीनेही उलटसुलट विचारून पाहिलं. कुणी दम दिलेला नाही, देऊन बघावा. आधीचं मृत्युपत्र रद्द.

१. सगळी व्यवस्था माझी नात आर्या हिने बघावी. ती साक्षीलाही बसणार होती, मग इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "आजी, ज्याला मिळतं त्याला सही नाही करता येत, लाह." म्हणजे तिला काहीतरी मिळणार हे तिने धरूनच ठेवलंय.

२. पाटल्या सून नीताला. माझ्या आमटीला तीस वर्षं नावं ठेवली, पण दुखण्यात अंघोळ तिनेच घातली.

३. चांदीचा कप, ज्यात मी लसूण ठेवते, तो आर्याला. तो माझे दीर निशिकांत भाऊजी यांचा, मोटारशर्यतीतल्या दुसऱ्या नंबरचा. पहिल्या नंबरचा कप घरी आला नाही. तो का आला नाही, ते पुढच्या कलमात. ते कलम सुबोधने, म्हणजे माझ्या मुलाने, मोठ्याने वाचावं.

४. थॉमसन रोडवर मोटारींची ग्रां प्री व्हायची तेव्हाची गोष्ट. वर्षातली शेवटची शर्यत. भाऊजी पहिले आले तर वर्षाचं अजिंक्यपद त्यांचं. "वहिनी, कप आणला की त्यात श्रीखंड पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, "आधी आणा."

गाडी आमच्या गॅरेजची. माझे यजमान गाडीखाली तेलाची गळती बंद करत होते. मेकॅनिक रोसली तांब्याच्या हातोड्याने चाकांचे नट ठोकून घट्ट करत होता. गाड्या रांगेत आणायची शिट्टी झाली. हे खालून ओरडले, "अगं, मागचं झालं का विचार त्याला!"

मला इथे येऊन चार महिने झालेले. मलाय भाषा शून्य. मी मागच्या चाकाकडे बोट केलं. रोसली म्हणाला, "दपान सुदाह."

मला ऐकू आलं 'सुद्धा'. मी ओरडले, "ते सुद्धा झालं!"

हे खालून बाहेर आले, पोरांनी गाडी ढकलत नेली. रोसली हातोडा घेऊन ओरडत मागे धावला. मला वाटलं, हुरूप आलाय.

नवव्या फेरीपर्यंत भाऊजी पुढे होते. मग वळणावरून मागचं चाक एकटंच आलं. गाडी आली नाही.

संध्याकाळी यांनी रोसलीचं काही न ऐकता त्याला हाकललं. हातोडासुद्धा नेऊ दिला नाही. तो माझ्याकडे बघत होता. आठवड्याने बाजारात कोळ्याने मासा साफ करून पुडकं हातात दिलं आणि म्हणाला, "सुदाह." झालं, तयार आहे. शेजारणीला विचारलं, दपान म्हणजे काय. ती म्हणाली, पुढचं.

पुढचं झालंय, असं तो म्हणाला होता.

मी घरी आले, मासा तळला, वाढला. बोलले नाही. यांना कळलं असतं तर मला परत पाठवलं असतं, असं वाटलं. नंतर सुबोध पोटात होता. नंतर उशीर झाला. नंतर हे गेले. रोसलीला कुठल्याच गॅरेजने ठेवलं नाही. तुआसला गोदामाची राखण करत तो म्हातारा झाला आणि मेला. सुबोध अजून दर गणपतीला जेवणावळीत सांगतो, त्या मेकॅनिकने काकाला मारलं. मी भात वाढत असते.

मेकॅनिकने नाही. मी.

५. हातोडा कपाटात जुन्या लुगड्यात आहे. रोसलीची मुलगी नोरायनी सेरंगूनला राहते, पत्ता हातोड्याला बांधलाय. सुबोधने स्वतः जावं, कुरिअर करू नये. तिला मलायमध्ये सांगावं: तुझ्या वडिलांनी खरं सांगितलं होतं, माझ्या आईने चुकीचं ऐकलं. तिने दार लावलं तर हातोडा दाराशी ठेवून यावं. तिने शिव्या दिल्या तर ऐकाव्यात, त्या माझ्या आहेत.

६. हे केल्यावरच फ्लॅट सुबोधला. नाही केलं, तर नोरायनीला.

साक्षीला शेजारचे दोघे बोलावलेत. त्यांना मराठी येत नाही, म्हणूनच बोलावलेत. इद्रिस मघापासून पेन हातात घेऊन बसलाय. आत्ताच विचारलं त्याने, "सुदाह?"

मी म्हटलं, "बलुम." अजून नाही. सही आत्ता करते, पण 'सुदाह' सुबोध जाऊन आल्यावरच.

सही: अरुणा प्रबोध दळवी

आमच्या दोघांच्या समोर, एकाच वेळी सही झाली:
१. इद्रिस बिन उस्मान
२. लिम सिउ हुआ

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०२५