पेट्रोलची नळी

मंगळवार, संध्याकाळ

उजव्या हाताची बोटं सुजलीत. तरी लिहितोय, नाहीतर डोकं फुटेल.

गाडीखाली आज परत पेट्रोल सांडलेलं. टाकीचा कॉक बदलला, नळी नवी घातली, तरी गळती थांबेना. आज नळी पुसून दाबून बघितली, तर बारीक भोकांतून थेंब आले. सुईची भोकं! कुणीतरी मुद्दाम टोचलेली. शेजारच्या मल्लिनाथशी पार्किंगवरून माझं वाजलेलंच होतं. तो जिन्यात भेटला. मी कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं, तोंडावर ठोसे घातले. "मी न्हाय केलं की!" तो ओरडत होता. ओठ फुटला, रक्त शर्टावर आलं, तरी माझा हात थांबेना. का थांबला नाही?

आई धावत आली. "सोड त्येला! नळी म्या टोचलीय."

ताईला नवरा मारतो हे कळल्यापासून मी म्हणत होतो, गाडीनं करकंबला तिच्या सासरी जाऊन त्याचे हातपाय तोडतो. दाराआड लोखंडी गजही आणून ठेवलेला.

"गाडी चालू असती तर तू जावयाचा मुडदाच पाडला असतास," आई रडत म्हणाली. "मग लेक तितं आन् तू तुरुंगात. म्या कुणाकडं बघायचं?"

मल्लिनाथ भिंतीला टेकून ऐकत होता. तो फुटलेला ओठ. मी माफी मागायला पुढं झालो.

त्यानं बाहीनं रक्त पुसलं आणि आईला विचारलं, "मग ताईला आणायला कोण जाणार, काकू?"

"उद्या एसटीनं म्याच जाते."

"मी येतो तुमच्यासंगं," तो म्हणाला. "ह्याला घरीच ठेवा."